घट मांडणाऱ्याचा कोठा

माझे वडील खामगावात एका कापसाच्या अडत्याकडे दिवाणजी होते. दुकानात माणसांची सतत ये-जा, पानाचा डबा मधोमध उघडा, आणि विषय कायम एकच, उद्या तेजी की मंदी. घरी जेवायला बसले तरी वडिलांचं तेच चालू असायचं. त्यामुळे फ्रॉक घालायच्या वयापासून मला एक शास्त्र तोंडपाठ होतं : ज्याला आधी कळलं त्यानं आधी विकावं, आणि कळलेलं चार लोकांत बोलू नये. बोललात की भाव पडला. वडिलांना त्यात पाप वाटत नसे. मलाही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही फारसं वाटत नाही.

आणि मला दिलं कुठं, तर सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरकडच्या एका खेड्यात, अशा घरी की जिथला म्हातारा उद्याचं पाहायचा, सगळ्या गावाला मोठ्यानं सांगायचा आणि स्वतः मात्र गप्प बसायचा. नशिबाला थट्टा करायला माझंच घर सापडलं होतं.

म्हातारा म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, संध्याकाळी ते गावाबाहेरच्या वावरात घट मांडायचे. आमच्या भागात एका गावची घटमांडणी मोठी, लांबून लोक येतात तिला. आमची त्यापुढं काहीच नाही, फक्त आमच्या गावापुरती. जमिनीवर धान्याचं रिंगण घालायचं, त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, सरकी. मधे खड्डा, खड्ड्यात शेतातली चार ढेकळं, पावसाच्या चार महिन्यांची. त्यांच्यावर पाण्यानं भरलेली मातीची घागर, आणि घागरीवर पापड, पुरी, कुरडई. रात्रभर तिकडं कोणी फिरकायचं नाही. सकाळी अंघोळ करून गाव बांधावर उभं राहायचं आणि मामाजी एकटे आत जाऊन पाहायचे, कोणता दाणा हलला, कोणता जागेवर राहिला, कोणतं ढेकूळ भिजलं. कुरडई म्हणजे गुराढोरांची वैरण. ती शाबूत असली की लोकांचे चेहरे खुलायचे.

मला त्यात देव कधी दिसला नाही. दाणा मुंगी नेते, कुरडई घूस नेते. पण मामाजी काही नुसत्या कुरडईवर बोलत नव्हते. वर्षभर त्यांचं लक्ष असायचं, विहिरीचं पाणी कुठवर गेलं, कडुनिंबाला मोहर कसा आला, कावळ्यानं घरटं कुठल्या फांदीवर बांधलं. घट हे ते सगळं बोलायचं ठिकाण होतं, एवढंच. आणि गाव त्यांच्या बोलण्यावर चालायचं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, किती लावायची, ज्वारी किती, गोऱ्हा विकायचा की ठेवायचा, सगळं त्या सकाळी ठरायचं.

फक्त एक गोष्ट होती. घट मांडणाऱ्या घरानं आखाजीपासून पोळ्यापर्यंत काही विकायचं नाही आणि घ्यायचं नाही. मीठ-मिरची सोडा, बी-बियाणं सोडा, बाकी दाणा नाही, कापूस नाही, ढोर तर नाहीच. मला लग्नानंतर हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्याकडे असं पाहिलं की हसू तिथंच आटलं.

आमच्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, एक बैलजोडी, तीन गाई आणि दोन कालवडी होत्या. गाईंमधली मोठी ती तांबडी. सोन्याची नव्हती, गावरानच होती, पण आमच्या वावरात जो बैल चालला तो तिच्या किंवा तिच्या आईच्या पोटचा. मामाजींच्या वडिलांपासून या घरात विकतचा बैल आला नव्हता. दुसऱ्या कशाची मिजास त्या माणसाला नव्हती. कपडे फाटके, चप्पल बांधलेली. पण पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याला कोठ्यात नेणार. "हे पाहा, घरचंच हाय सारं." पाहुणा बिचारा तहानेनं कासावीस, आणि हे बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे.

मोठा दुष्काळ म्हणतात तो ज्या वर्षी पडला, त्याच्या आधीचं वर्षही काही धड नव्हतं. कडब्याची गंजी नेहमीच्या निम्मी लागली होती. दुष्काळाच्या त्या वर्षी आखाजीला मामाजी घटातून बाहेर आले ते नेहमीपेक्षा उशिरा. आम्ही बायका बाभळीखाली उभ्या होतो. त्यांनी टोपी नीट केली आणि मोठ्यानं सांगितलं, "पयलं ढेकूळ ओलं हाय. दुसरं निम्मं. बाकीचे दोन ठार कोरडे. कुरडई नाही." मग म्हणाले, "ज्याले जितके ढोरं पोसनं होते तितकेच ठेवा. बाकीचे आताच काढा, जोवर घेनारा हाय."

इतकं स्पष्ट कोणत्याही जाणकारानं सांगितलं नसतं. माझ्या वडिलांनी तर अशा बातमीसाठी पागोटं गहाण टाकलं असतं.

गावानं ऐकलं. पुढच्या दोन-तीन बाजारांत आमच्या गावची ढोरं धुळीचा लोट उडवत गेली. म्हातारे बैल, भाकड गाई, जास्तीचे गोऱ्हे. बाकीच्या गावांना अजून काही वाटत नव्हतं, त्यामुळे भाव चांगला मिळाला. लोक येताना हसत येत होते. कोणी बायकोला लुगडं आणलं, कोणी घरावर टिन टाकले. आणि ज्याच्या तोंडून हे निघालं त्याचा कोठा मात्र भरलेला तसाच.

मी नवऱ्याशी भांडले. ते म्हणाले, "मले काय सांगतं? बाबाले सांग." मग मीच एका दुपारी मामाजींना गाठलं. ते ओट्यावर दोर वळत होते. मी म्हटलं, "मामाजी, निदान दोन गाई अन् कालवडी तरी काढा. तांबडी ठेवा. ज्याच्याजवळ बातमी हाय त्यानंच विकलं नाही तर त्या बातमीचं काय लोणचं घालाचं?"

ते रागावले नाहीत. त्यांना रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द जास्त बोलता आले असते. म्हणाले, "सूनबाई, तुह्या बापाच्या दुकानात ते ठीक हाय. इथं म्याच सांगतलं अन् म्याच पयले विकलं, तं पुढच्या साली लोक काय म्हनतीन? बुढ्याले ढोरं विकाचे हायेत म्हून कोरडं सांगून राह्यला. मंग म्या खरं सांगतलं तरी कोनी ऐकनार नाही. ज्यानं पाह्यलं त्यानं त्यातून खाऊ नाही."

"अन् ढोरं?"

"पाहू ना. देव काही झोपला नाही."

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. माणूस मूर्खासारखं बोलला तर आपण वाद जिंकतो. हे शहाण्यासारखं बोलून स्वतःचं नुकसान करत होते.

मामाजींचे एक जुने मित्र होते, बौद्धवाड्यातले. दोघं लहानपणी एकत्र गुरं चारायचे. दीक्षा घेतल्यापासून त्यांनी घटाकडं येणं सोडलं होतं, आमच्याकडं येणं सोडलं नव्हतं. त्यांची थोडी जमीन आणि एक विहीर होती. ते त्याच आठवड्यात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "म्या काही तुहा घट पाह्यला नाही गड्या. म्या माही इहीर पाह्यली. माहे गोऱ्हे विकून राह्यलो. तुहे ढोरं दे माह्यासंग. माह्या नावानं पावती फाडतो. तुहं नाव नाही अन् गाव नाही."

मी दाराआड उभी होते. मनात म्हटलं, हा माणूस देवासारखा आला, त्याला आवडो न आवडो. पण मामाजी हसले. "लेका, तुह्या नावानं विकलं तरी गाय माहीच हाय ना."

"काऊन बे, इतकं कोन पाह्यते?"

"कोनी नाही पाह्यत. म्या पाह्यतो."

ते मित्र मग बराच वेळ बसले. चहा घेतला, घट्ट दुधाचा. जाताना माझ्याकडं पाहून मान हलवली आणि गेले.

पाणी आलं, अगदी सांगितल्यासारखं. मृगात बरसलं, लोकांनी पेरलं, ज्वारी गुडघ्याला आली. मग एकदा मधेच भुरभुरलं, आणि त्यानंतर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. पिकं आधी दुपारी माना टाकायची, सकाळी उभी राहायची. पुढं सकाळीही उठेनात. सरकारानं रस्त्याचं काम काढलं, खडी फोडायला गावच्या गाव गेलं. मीही गेले. दिवाणजीची लेक डोक्यावर पदर ओढून हातोडा मारत होती, आणि घरी येऊन त्या परदेशी लाल मिलोच्या, म्हणजे रेशनच्या ज्वारीच्या, भाकरी थापत होती. त्या भाकरीला चव नाही, आणि तिची निंदा करायला तोंडात लाळही नव्हती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आमच्याकडं सगळेच महिने तेरावे होते.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात. जुवाखाली सोललेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तूप चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच होतं. मामाजींनी ते दोन्ही बैलांना निम्मं निम्मं चोळलं. पहिल्याच्या कानात "आज आवतन घ्या" म्हणाले आणि पुढचं म्हणेनात. तसेच त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "म्हना ना जी." मग त्यांनी म्हटलं. मी आत जाऊन रडले. पुरण शिजवायला घरात डाळ नव्हती म्हणून नाही, पण बैलाला जेवायला बोलावताना माणसाची जीभ अडावी, हे मी पाहिलं म्हणून.

पोळा झाला आणि विकायची मोकळीक मिळाली. आता कोण घेणार? मामाजी आणि आमचे हे, दोघं तिन्ही गाई आणि कालवडी घेऊन बाजाराला गेले. तिथं वावराएवढ्या जागेत नुसती ढोरं, घेणारा एखाददुसरा हेडी, म्हणजे ढोरांचा व्यापारी. तो बरगड्यांवरून बोट फिरवून म्हणाला, कातड्याचा भाव देतो. दोन कालवडी ह्यांनी बापाला न विचारता तिथल्या तिथं देऊन टाकल्या. तांबडी गाभण होती. हेडीनं तिच्या पोटावर हात ठेवला तसा मामाजींनी तो बाजूला केला आणि तिन्ही गाई घेऊन परत चालत आले. त्या दिवशी बाप-लेक जेवताना एकमेकांकडं पाठ करून बसले.

गंजी संपली. तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, संपलं. मग आम्ही जुन्या छपराचं गवत उपसलं, वीस वर्षांच्या धुरानं काळं झालेलं. गाईंनी तेही खाल्लं. कडुनिंबाचा पाला खाल्ला. एक गाय एका सकाळी उठलीच नाही. शेवटी कोठ्याच्या कोपऱ्यात राखून ठेवलेल्या पेंढ्या उरल्या, आणि त्या पुढच्या पेरणीपर्यंत फक्त दोन तोंडांना पुरणार होत्या, त्याही अर्धपोटी.

अंगणात आम्ही चौघं बसलो. हे म्हणाले, "बैल ठेवू. बैल नसले तं पेरनार कशानं?" आत्याबाई म्हणाल्या, "अन् गाय गेली तं बैल येनार कुठून? तिच्या पोटात हाय ना. विकत घेसान का आता? या घरात?" दोघांचंही खरं होतं. एक पुढच्या वर्षाचं बोलत होता, एक त्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांचं. मामाजी काडीनं जमीन उकरत बसले होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, तुह्या बापानं काय केलं असतं?"

मला फार राग होता. मी म्हटलं, "माह्या बाबांनी आखाजीलेच विकल्या असत्या."

"हाव. ते तं झालं. आता काय केलं असतं?"

"बैल ठेवले असते."

ते म्हणाले, "हाव, तेच." आणि उठले. मी बोलले ते बरोबरच होतं. आजही कोणी विचारलं तर तेच सांगेन. पण त्या दिवसापासून आत्याबाई माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलायच्या, आणि मी त्यांना दोष देत नाही.

दुष्काळात ढोराला हळदकुंकू लावून दावं सोडून देतात. विकत नाहीत, मारत नाहीत, सोडतात. जा म्हणायचं, जिथं असेल तिथं खा. आत्याबाईंनी तांबडीच्या आणि दुसऱ्या गाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, मिलोची एकेक भाकर दिली, आणि मामाजींनी दोघींना नदीच्या कोरड्या पात्रापलीकडं डोंगराच्या वाटेला लावून दिलं.

दिवेलागणीला त्या दोघी परत आल्या.

कुठं जाणार? त्यांना रोजची वेळ ठाऊक होती. आम्ही फाटक लावलेलं. तांबडी बाहेर उभी राहून हंबरली, आणि आतून बैल हंबरला, तिच्याच पोटचा. मग ती पुन्हा, मग तो पुन्हा. हे कान झाकून बसले. मी चुलीशी फुंकणी धरून होते आणि फुंकायचं विसरले होते. मामाजी काठी घेऊन बाहेर गेले. या घरात गाईवर काठी उगारलेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती. त्यांनी उगारली, ती हलली नाही, मग मारली. आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः दोघींबरोबर गेले, खांद्यावर घोंगडी टाकून, पार वर सातपुड्यात. दोन-तीन दिवसांनी परत आले ते एकटे, पाय फुटलेले. कुठवर सोडलं, तिथं पाणी होतं का, कोणी विचारलं नाही. पुढं बातमी आली की गुरांची सरकारी छावणी निघतेय. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, आमची तर गायही गेली होती.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. राखलेल्या बैलांनी पेरणी झाली, ह्यांचं म्हणणं बरोबर ठरलं. पिकं उभी राहिली, माणसांच्या अंगावर मांस आलं. ज्यांनी वेळेवर ढोरं विकली होती त्यांनी त्या पैशातून नवी घेतली. गावात गाई दिसू लागल्या. आमच्या कोठ्याची एक बाजू मात्र आत्याबाई रोज झाडायच्या, तिथं झाडण्यासारखं काही नव्हतं तरी.

एका सकाळी गावातली सात-आठ माणसं आमच्याकडं आली. नारळ, टोपी, उपरणं घेऊन. मामाजींना ओट्यावर पाटावर बसवलं. म्हातारी म्हातारी माणसं वाकून त्यांच्या पाया पडली. "बाप्पा, तुमचा शब्द न् शब्द खरा ठरला. तुम्ही होते म्हून आमचे ढोरं उपाशी मेले नाही, पैसा गेला नाही. तुमच्यासारखा पाह्यनारा पंचक्रोशीत नाही." त्यांचं मन खोटं नव्हतं. खरोखर डोळ्यांत पाणी होतं एकाच्या.

मी चहा केला आणि कपबशा घेऊन बाहेर आले. उपरणं घेऊन आलेल्या माणसानं कपात पाहिलं आणि भाबडेपणानं विचारलं, "बाई, दूध टाकाचं राह्यलं काय?"

कोणीतरी त्याला कोपर मारलं. माझ्या जिभेवर इतकं आलं होतं, पण मी त्या घरची सून होते. मामाजींनी स्वतःचा कप उचलला, एक घोट घेतला आणि कोणाकडंही न पाहता म्हणाले, "त्या सकाळी म्या तुमाले सांगतलं अन् देवाले मांगतलं, मले खोटा पाड. म्हून ठेवले होते ढोरं."

तोपर्यंत मी समजत होते की म्हातारा नियमाला चिकटून बसला. नियम तर होताच. पण सगळ्या गावाला खरं सांगून त्या माणसानं आपला भरला कोठा एकट्यानं दुसऱ्या बाजूनं पणाला लावला होता, आपलंच बोलणं चुकावं म्हणून. मला त्यांचा त्या क्षणी पहिल्यापेक्षाही जास्त राग आला, आणि त्यांच्या पायाशी बसून रडावंसंही वाटलं.

सगळ्यांनी तो काळा चहा संपवला, कपबशा एका बाजूला नीट ठेवल्या, आणि जाताना एकेक जण पुन्हा मामाजींच्या पाया पडून गेला.